वांशिक न्यायाच्या सामुदायिक जेवणाला पहिल्यांदा जाताना

जानेवारीतला तिसरा सोमवार म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ असलेली सुट्टी, फेब्रुवारी म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना आणि १९ जून म्हणजे जूनटीन्थ, गुलामांच्या मुक्तीचा उत्सव. या तीन निमित्तांनी अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत सार्वजनिक ग्रंथालये, चर्च, विद्यापीठे आणि वस्तीतल्या संघटना एकत्र जेवणाचे कार्यक्रम ठेवतात. एका टेबलाला सहा ते आठ माणसे, प्रत्येक टेबलावर एक समन्वयक, आधी जेवण, मग एखादा छोटा उतारा, जुना नकाशा किंवा चित्रफीत आणि त्यावर तासभर बोलणे, असा त्यांचा साधारण साचा असतो. घर, शाळा, पोलीस, आरोग्य आणि मतदान या बाबतींत कातडीच्या रंगावरून कोणाच्या वाट्याला काय आले आणि आजही काय येते, हे शेजाऱ्यांनी एकमेकांकडून समजून घ्यावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. हा निधी गोळा करण्याचा सोहळा नसतो आणि वादविवाद स्पर्धा तर नसतेच.

मराठी कुटुंबांना अशी निमंत्रणे मुलांच्या शाळेतून, कामावरच्या सहकाऱ्याकडून किंवा शेजारच्या चर्चमधून येतात. "हा त्यांचा आपसातला प्रश्न, आपण मध्ये काय बोलणार" असे म्हणून ती बऱ्याचदा बाजूला ठेवली जातात. माझ्या मते हे कारण टिकणारे नाही. आपण या देशात ज्या कायद्याच्या दारातून आलो ते दार याच लढ्याने उघडले, आणि सोबत जेवण्याला समाजात किती वजन असते हे तर मराठी माणसाला वेगळे सांगायलाच नको. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मंडळींनी चहा-बिस्किटे पुढे ठेवली, तिथे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. एका कपभर चहाने एवढे रण माजलेल्या गावचे आपण. तेव्हा कोण कोणाशेजारी बसून जेवतो हा प्रश्न आपल्याला परका नाही.

पुढचा मजकूर प्रथम पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा काही भाग आपल्या मंडळात किंवा वसाहतीत असे जेवण स्वतः भरवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

निमंत्रण वाचताना

किती जण येणार ते मुदतीत कळवावे आणि तेवढ्यांनीच जावे. मंडळाच्या गणपतीला ऐन वेळी दोन पाहुणे सोबत नेले तर कोणी काही म्हणत नाही; इथे मात्र टेबले माणसे मोजून आणि ओळखीच्यांना मुद्दाम वेगवेगळे बसवून लावलेली असतात. नवरा-बायकोलाही बहुधा दोन टेबलांवर बसावे लागते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण घरची माणसे शेजारी बसली की ती आपसातच बोलत राहतात.

मुलांसाठी वेगळी सोय आहे का, जेवण आयोजक देणार आहेत की अंगतपंगत आहे, आणि आधी वाचायला किंवा पाहायला काही दिले आहे का, हे निमंत्रणातच पाहावे. दिलेला मजकूर वाचून जाणे हा शिष्टाचाराचाच भाग समजतात. काही ठिकाणी चर्चेच्या थोड्या भागासाठी कृष्णवर्णीय सहभागी वेगळे आणि बाकीचे वेगळे असे गट पाडतात. पहिल्यांदा हे पाहून "भेदभाव मिटवायला आलो आणि इथे पुन्हा वेगळे बसवले" असे मनात येते. त्यामागे एक साधा व्यवहार आहे: ज्यांनी भोगले त्यांना दर वेळी इतरांची समजूत घालत बसावे लागू नये आणि इतरांना आपले अज्ञान त्यांच्यासमोर उघडे न करता विचारता यावे. हे पटलेच पाहिजे असे नाही, पण त्या संध्याकाळपुरते पाळावे.

जाण्याआधी थोडा इतिहास

सगळा इतिहास वाचून जाणे कोणालाच जमत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. मात्र तीन-चार गोष्टी माहीत असल्या तर टेबलावरचे अर्धे संदर्भ कळतात.

पहिली गोष्ट जेवणाच्याच टेबलाची. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या खाणावळीच्या काउंटरवर बसले आणि वाढायला नकार मिळाल्यावरही उठले नाहीत. त्या दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या, फक्त बसून खाता येत नव्हते. चार वर्षांनी, १९६४ मध्ये, नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेले व खाणावळींतला वर्णभेद बेकायदा ठरला. त्याला अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या 'ऑलीज बार्बेक्यू' या खाणावळीने न्यायालयात आव्हान दिले. खाणावळ २२० माणसांच्या बैठकीची, नोकर ३६, त्यांतले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. तरीही १९२७ पासून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसायला मनाई होती आणि पदार्थ बांधून नेता येत असे. मालकांचे म्हणणे असे की आमचा धंदा गावातला, केंद्र सरकारचा त्याच्याशी संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने त्यांची खरेदी पाहिली. वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता आणि त्यातले ६९,६८३ डॉलरचे मांस अशा व्यापाऱ्याकडून आले होते ज्याने ते राज्याबाहेरून आणले होते. म्हणजे खाणावळ केंद्राच्या अखत्यारीतल्या आंतरराज्य व्यापाराचा भाग ठरते आणि कायदा तिला लागू होतो, असा निकाल १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने लागला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या हिशेबातून सुटावा ही गोष्ट टेबलावर निघाली की बहुधा लोक हसतात, आणि मग गप्प होतात.

दुसरी गोष्ट घरांची. १९३० च्या दशकात सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले. वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा आणि लाल असे रंग देऊन कर्ज बुडण्याचा धोका दाखवला. प्रत्येक वस्तीचा एक छापील तक्ता असे. त्यात रहिवाशांचा व्यवसाय आणि उत्पन्न यांबरोबरच कृष्णवर्णीय आहेत का, परदेशात जन्मलेले किती, आणि वस्तीत कोणाचा 'शिरकाव' होत आहे, असे रकाने होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ नेहमीच लाल रंगात गेल्या. त्याच सुमारास घरकर्जाला हमी देणारे दुसरे सरकारी खाते अशा वस्त्यांतल्या कर्जांना हमी देईना आणि नव्या उपनगरांतली घरे फक्त गोऱ्यांना विकली जावीत याचा आग्रह धरी. घर हीच अमेरिकन मध्यमवर्गाची मुख्य पुंजी असल्याने ज्यांना तेव्हा कर्ज नाकारले गेले त्यांच्या नातवंडांच्या हातातही ती पुंजी आली नाही. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा करणारा कायदा ११ एप्रिल १९६८ ला, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, झाला. रिचमंड विद्यापीठाने हे सगळे नकाशे तक्त्यांसह इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. आपले शहर त्यात असेल तर आपण राहतो तो भाग कोणत्या रंगाचा होता ते जाण्याआधी पाहून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे आणि कोणत्याही लेखापेक्षा ते जास्त शिकवते.

तिसरी गोष्ट आपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये फेटाळला, कारण नागरिक होण्यासाठी 'गोरे' किंवा आफ्रिकी वंशाचे असणे आवश्यक होते आणि न्यायालयाने त्यांना गोरे मानले नाही. त्यांची बाजू सखाराम गणेश पंडित या वकिलांनी मांडली होती, आणि त्या बाजूचा एक आधार असा होता की उच्चवर्णीय हिंदू शुद्ध आर्य वंशाचे असल्याने त्यांना गोरेच मानावे. म्हणजे वर्णभेदाच्या भिंतीत दार पाडण्यासाठी जातीची पहार वापरून पाहिली, आणि तीही चालली नाही. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले, पण वर्षाला केवळ शंभर जणांचा कोटा मिळाला. देशनिहाय कोट्यांची ती पद्धत मोडली ३ ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच्या दोनच महिने आधी, ६ ऑगस्टला, कृष्णवर्णीयांच्या मतदानाला संरक्षण देणारा कायदा झाला होता. दोन्ही कायदे नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या त्याच हवेत मंजूर झाले. शिकागो, न्यू जर्सी किंवा बे एरियातली आपली मंडळे त्यानंतरची आहेत.

डबा नेताना

अंगतपंगत असेल तर काय न्यावे यापेक्षा काय लिहून न्यावे हे महत्त्वाचे. अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कुठेही दडलेले असते. २०२३ पासून तीळही तिथल्या मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या अधिकृत यादीत आहेत. शिवाय बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे वरकरणी ग्लूटेन नसलेली आमटीही ग्लूटेनमुक्त राहत नाही. म्हणून भांड्यापुढे इंग्रजीत एक कार्ड ठेवावे: मटकीची उसळ, शाकाहारी, दूध-तूप नाही, यात शेंगदाणे व खोबरे आहे, हिंगात गहू आहे, मध्यम तिखट. 'मध्यम' ठरवताना आपल्या घरातल्या लहान मुलाचे माप धरावे.

गरम पदार्थ वाढेपर्यंत १४० अंश फॅरनहाइटच्या वर ठेवावा आणि कोणताही शिजवलेला पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. स्लो कुकर नेला तर प्रश्न सुटतो, फक्त त्यासाठी विजेचा बोर्ड कुठे आहे ते आधी विचारावे. काही सभागृहांत घरी शिजवलेले अन्न चालतच नाही. तिथे दुकानातून बंद डबा न्यावा आणि वाद घालू नये.

शाकाहारी मंडळींनी उलट बाजूही ध्यानात ठेवावी. दक्षिणी पद्धतीच्या कोलार्डच्या पालेभाजीत धुरावलेले डुकराचे किंवा टर्कीचे मांस शिजवलेले असते, घेवड्यात बेकन असते, मक्याच्या पावात कधी डुकराची चरबी असते आणि रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन असते. "यात मांस आहे का" एवढेच विचारले तर कधीकधी प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर मिळते, कारण चवीपुरत्या तुकड्याला बरेच जण मांस मोजत नाहीत. त्यामुळे "कशात शिजवले आहे" असे विचारावे. नाक मुरडणे, ताट लांब सरकवणे किंवा शाकाहाराची थोरवी सांगणे मात्र कटाक्षाने टाळावे.

पदार्थ सुचत नसेल तर चवळीची उसळ न्यावी. चवळी मुळात आफ्रिकेतली. गुलामांच्या व्यापाराबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिणेत पोहोचली आणि भाताबरोबर शिजवलेली 'हॉपिन जॉन' तिथे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आवर्जून खातात. आपली उसळ त्या भांड्याशेजारी ठेवली की बोलायला विषय शोधावा लागत नाही. जूनटीन्थला लाल रंगाची पेये आणि लाल पदार्थ ठेवण्याची रीत आहे. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामांच्या मुक्तीची आज्ञा वाचली गेली त्याचा हा उत्सव. त्या दिवशी कोकम सरबताचा मोठा जग घेऊन जावा.

टेबलावर

सुरुवातीला समन्वयक नियम वाचून दाखवतात. इथे ऐकलेले अनुभव बाहेर सांगताना नाव घ्यायचे नाही, आपल्या वतीने बोलायचे, कोणाला मध्ये तोडायचे नाही, आणि बोलायचे नसेल तर पाळी सोडून देता येते. यातला 'आपल्या वतीने बोलणे' हा नियम आपल्याला सर्वांत अवघड जातो, कारण "आम्हा भारतीयांमध्ये असे असते" असे सुरू करण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. दीडशे कोटींची वकिली करण्यापेक्षा "माझ्या घरी असे होते" म्हणावे. ते खरेही असते आणि त्यावर कोणाला पुढे विचारताही येते.

समजा, शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितले की त्यांच्या मुलाला गाडी चालवताना पोलिसांनी वर्षभरात पुन:पुन्हा थांबवले आणि आता तो रात्री उशिरा परतला की त्या झोपत नाहीत. अशा वेळी लगेच "मलाही विमानतळावर असेच बाजूला घेतात" असे जोडू नये. तो अनुभव खोटा नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांची केवळ पगडी पाहून हत्या झाली, आणि दक्षिण आशियाई माणसाच्या भीतीलाही इतिहास आहे. पण तो आपल्या पाळीला सांगावा. "तुम्ही तक्रार का नाही केली" हा प्रश्न तर विचारूच नये, कारण विचारणाऱ्याला जे पहिल्यांदा सुचले ते त्या बाईंना शंभरदा सुचून गेलेले असते. "सांगितल्याबद्दल आभारी आहे" एवढे म्हणून थांबले तरी पुरते. नंतरची शांतता भरून काढण्याची जबाबदारी पाहुण्याची नसते.

आणखी एक वाक्य आपल्याकडून हमखास निघते: "आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो, मग यांना का जमत नाही?" ते कोणी उघड बोलत नसले तरी मनात असते, म्हणून त्याचा हिशेब आधीच करून जावे. त्या दोन बॅगांबरोबर बहुतेकांकडे पदवी होती, आणि ती बहुधा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजची होती. १९६५ नंतरच्या स्थलांतर धोरणाने भारतातून शिकलेल्या आणि कौशल्य असलेल्यांना मोठ्या प्रमाणात निवडून आत घेतले. निवडून आणलेल्या लोकांची तुलना पिढ्यान्‌पिढ्या कर्ज, शाळा आणि वस्ती नाकारलेल्या लोकांशी करणे म्हणजे शर्यत अर्ध्यातून सुरू करणाऱ्याने घड्याळ दाखवण्यासारखे आहे. कष्ट आपले खरेच आहेत. त्यांच्यावरून इतरांचा आळस सिद्ध होत नाही.

टेबलावर आपसात मराठीत शेरे मारू नयेत. 'काळे', 'गोरे' हे शब्द आपल्याला साधे वाटतात, पण बोलताना नजर कोणाकडे जाते ते समोरच्याला भाषा न कळताही दिसते. आणि हल्ली मराठी समजणारा माणूस कुठल्या टेबलावर बसला असेल याचा भरवसा नाही. जुन्या दस्तऐवजातला उतारा मोठ्याने वाचायची पाळी आली आणि त्यात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी असेल, तर ती उच्चारू नये. तिथे थांबून पुढचा शब्द घेतला तरी सगळ्यांना कळते. कोणाच्या केसांना हात लावू नये, हे खरे तर लिहायची गरज पडू नये, पण लिहिलेले बरे.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील सोबत असतील तर त्यांना आवर्जून न्यावे. आयोजकांना आधी सांगून त्यांच्याशेजारी दोन्ही भाषा जाणणारे माणूस बसवून घ्यावे. गावची पाणवठ्याची शिवाशिव डोळ्यांनी पाहिलेले आजी-आजोबा अशा टेबलावर जे सांगू शकतात ते आपल्या पिढीला सांगता येत नाही.

जातीचा विषय निघाल्यावर

तो निघतोच. भारतीय माणूस टेबलावर आहे म्हटल्यावर कोणीतरी जातीबद्दल विचारते, आणि इथे दोन टोके टाळायची असतात. एक म्हणजे "आता ते सगळे संपले" असे सांगून मोकळे होणे. दुसरे म्हणजे जातीवरच एवढे बोलणे की ज्यांच्या प्रश्नासाठी टेबल मांडले ते बाजूला राहावेत. दुसरे टोक वरून उदार दिसते, म्हणून ते अधिक फसवे.

मध्ये चालायला आपल्याकडे भक्कम वाट आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी लगत. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य मांडले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या; डु बॉइस यांचे उत्तरही आले. १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि १९५९ च्या भारतभेटीत केरळातल्या एका शाळेत आपली ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली गेली, तेव्हा आधी धक्का बसला आणि मग ते खरेच आहे असे वाटले, असे खुद्द किंग यांनी पुढे एका प्रवचनात सांगितले.

यातले एखादे टेबलावर सांगावे आणि मग आपण स्वतः कुठे उभे होतो तेही सांगावे. ज्याच्या घरात वेगळा कप ठेवला जात होता त्याने तो कप सांगावा; ज्याला त्या कपातून चहा मिळाला त्याला मात्र सांगायची सक्ती कोणी करू नये, कारण अमेरिकेतल्या मराठी वर्तुळातही जात उघड होण्याची भीती संपलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या तशाच विधेयकावर ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी सही नाकारली. या दोन्हींवर आपल्या समाजात तीव्र मतभेद आहेत. ते टेबलावर निघाले तर आपले मत एका वाक्यात सांगावे आणि मूळ विषयाकडे परत यावे.

स्वतः भरवायचे झाल्यास

दोन-तीन जेवणांना जाऊन आल्यावरच स्वतः भरवण्याचा विचार करावा. सुरुवात तीन टेबलांपेक्षा मोठी नको. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या खोल्या बिगरव्यापारी कार्यक्रमाला मोफत किंवा नाममात्र भाड्यात मिळतात, फक्त अन्नाचे नियम लेखी विचारून घ्यावेत. देवळाचे सभागृह सोयीचे असते, पण तिथे मांसाहार चालत नाही आणि पाहुण्यांना आपापले पदार्थ आणता येत नाहीत. मग ती अंगतपंगत न राहता आपण दिलेली मेजवानी होते, आणि यजमान-पाहुणे हे नाते पूर्ण संध्याकाळ तसेच राहते. म्हणून मी तटस्थ जागा घेईन.

निमंत्रितांबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ऑफिसातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला बोलावून त्याच्याकडून वीस मराठी माणसांनी वर्णभेद समजून घेणे. कोणाला विषय मांडायला बोलावले तर मानधन द्यावे आणि ते आधी ठरवावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गावातल्या एखाद्या कृष्णवर्णीय चर्चला किंवा संघटनेला सुरुवातीपासून बरोबरीचे आयोजक करणे. मग विषय, तारीख आणि टेबलावरचे प्रश्नही दोघांनी मिळून ठरतात. त्यांनी आपली योजना बदलायला सांगितली तर ती बदलावी.

विषय जवळचा घ्यावा. सर्वांत उत्तम साहित्य बऱ्याचदा आपल्याच घराच्या कागदांत सापडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कितीतरी खरेदीखतांत अशी अट असे की ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये किंवा राहायला देऊ नये, घरगुती नोकर सोडून. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही खतांत आशियाई माणसांचाही उल्लेख असे. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येईनात, तरी जुन्या कागदांत त्या तशाच राहिल्या. जुने घर घेतलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून आपल्या घराचे जुने खत काढले आणि 'घरगुती नोकर सोडून' हे शब्द टेबलावर वाचून दाखवले, तर त्या संध्याकाळी दुसऱ्या व्याख्यानाची गरज नाही. "वर्णद्वेष वाईट आहे का" असल्या प्रश्नांवर सगळे मान हलवतात आणि पुढे काहीच होत नाही. त्याऐवजी विचारावे: हे घर तेव्हा कोणाला मिळाले नसते, ते लोक गावात कुठे राहायला गेले, आणि आज तिथली शाळा आणि इथली शाळा यांच्यात काय फरक आहे?

वेळ अडीच तासांची धरावी. पहिला पाऊण तास फक्त जेवण आणि ओळखी. या वेळात समन्वयकाने विषय काढू नये, कारण भुकेला माणूस ऐकत नाही आणि अनोळखी माणूस बोलत नाही. मग पंधरा मिनिटे साहित्य, तासभर टेबलावरची चर्चा, आणि उरलेल्या वेळात प्रत्येक टेबलाने पुढे काय करायचे ते एका वाक्यात लिहून देणे. समन्वयकांची आदल्या आठवड्यात एक तालीम घ्यावी. एकच माणूस सारखा बोलू लागला तर "इतरांचे ऐकू या" हे हसत कसे म्हणायचे, कोणाला रडू आले तर काय करायचे आणि वाद चिघळला तर टेबल थोडा वेळ कसे थांबवायचे, एवढे आधी बोलून ठेवले तरी पुष्कळ होते.

जेवणानंतर

अलाबामातल्या माँटगोमरी शहरातल्या जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंचे काम इथे आठवावे. १९५५-५६ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्या काळात लोकांना कामावर पोहोचवणाऱ्या गाड्यांना पैसे हवे होते, म्हणून गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणींनी केक, रताळ्याचे 'पाय' (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि तळलेल्या कोंबडीची सँडविचे करून विकली. विकत घेणाऱ्यांची आणि करणाऱ्यांची नावे कळू नयेत म्हणून पैसे 'कुठूनच नाही' अशा नावाच्या मंडळाकडून आल्याचे सभेत सांगत. या बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर गिलमोर यांची नोकरी गेली, आणि मग त्यांनी घरातच खाणावळ काढली. सांगायचे एवढेच की टेबलावर ठरवलेले काम छोटे पण नेमके असावे: शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीला दोघांनी जाणे, गावच्या जुन्या खतांची यादी करणाऱ्या गटाला महिन्यातून एक शनिवार देणे, किंवा सहआयोजक चर्चच्या अन्नपेढीत ठरलेल्या दिवशी वाढायला जाणे.

नव्याने आलेल्यांनी काही कायदेशीर बाबी नीट जपाव्यात. अशा कार्यक्रमांत मतदार नोंदणीचे टेबल हमखास असते आणि स्वयंसेवक उत्साहाने फॉर्म पुढे करतात. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, अगदी ग्रीन कार्ड असले तरी, तो फॉर्म भरू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा ठरून पुढे नागरिकत्वच काय, देशात राहणेही अवघड होऊ शकते. "मी अजून नागरिक नाही" एवढे सांगितले की कोणी आग्रह करत नाही. कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी निवडणुकीतल्या उमेदवारांना देणगी देऊ नये. ग्रीन कार्डधारकांना ती देता येते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देणगी कोणीही देऊ शकतो. एच-वन बी व्हिसावर असताना कोणी भाषणासाठी मानधन देऊ केले तर ते घेण्याआधी स्थलांतर वकिलाला विचारावे.

उरलेले अन्न वाटताना डब्यांवरची कार्डे सोबत द्यावीत, म्हणजे घरी खाणाऱ्यालाही शेंगदाण्याचा पत्ता लागतो. पुढच्या जेवणाची तारीख आणि त्याचे यजमान कोण हे लोक कोट घालू लागण्याआधी ठरवावे, कारण नंतर मेलवर ते ठरत नाही.